रानगुलाब : फूल, फळ आणि श्रावकाचा विवेक

मुंबई-नाशिक महामार्गावरून भिवंडीकडे वळले की मानकोली, राहनाळ, पूर्णा, दापोडा अशा गावांतून गोदामांच्या लांबच लांब रांगा लागतात. यंत्रमागांच्या खडखडाटाने ओळखले जाणारे हे शहर आता मुंबई-ठाण्याच्या घराघरांत पोहोचणाऱ्या मालाचे कोठार झाले आहे. कापडाच्या तागांबरोबर येथे आता औषधे, प्रसाधने आणि परदेशी खाद्यपदार्थही उतरतात. घरबसल्या मागविल्या जाणाऱ्या या मालात अलीकडे एक नवे नाव वारंवार दिसते, ते म्हणजे 'रोझहिप'. कधी ते चहाच्या डब्यावर असते, कधी चेहऱ्याला लावायच्या तेलाच्या इवल्याशा कुपीवर, तर कधी गुडघेदुखीवरच्या भुकटीवर.

असा डबा घरात आला की जो संवाद होतो, तो पुष्कळ जैन घरांना परिचयाचा वाटेल. बा विचारतात, "हे कसले फळ?" सून सांगते, "गुलाबाचे, बा. डब्यावर हिरवा ठिपका आहे." त्यावर बा म्हणतात, "ठिपका सरकारचा आहे, बेटा. पच्चक्खाण आपले आहे. आधी फळाचे नाव-गाव तरी कळू दे."

बांच्या या एका वाक्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. ही वस्तू नेमकी काय आहे? तिचा उपयोग खरोखर किती? आणि ती आपल्या आचारात बसते का? व्यापारी कुटुंबासाठी यात चौथ्या प्रश्नाची भर पडते : ती विकताना आपण ग्राहकाला खरे सांगतो का? या चारही प्रश्नांच्या मुळाशी एक काटेरी झुडूप आहे. त्याचे नाव रानगुलाब.

फुलदाणीत शोभणारा भरगच्च गुलाब ही माणसाच्या शेकडो वर्षांच्या निवडीची आणि संकराची निर्मिती आहे. निसर्गातला मूळ गुलाब अगदी साधा असतो. त्याला बहुधा पाचच पाकळ्या असतात, रंग पांढरा किंवा फिकट गुलाबी असतो आणि मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो. बागायती गुलाबात यांतील पुष्कळसे पुंकेसर पाकळ्यांत रूपांतरित झाले. फूल भरगच्च झाले, पण फळ धरण्याची शक्ती अनेक जातींत मंदावली. त्यातच आपण फूल उमलताच खुडतो. त्यामुळे गुलाबाला फळ येते, हेच अनेकांना ठाऊक नसते.

रानगुलाबाच्या पाकळ्या गळाल्या की फुलाखालचा पेल्यासारखा भाग फुगू लागतो आणि शरद ऋतूत बोराएवढा, लालबुंद किंवा नारिंगी होतो. हेच ते रोझहिप. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे खरे फळ नसून फुलाचा फुगलेला देठाकडचा भाग आहे. त्याच्या पोकळीत दाटीवाटीने बसलेले कठीण दाणे ही खरी फळे होत. या दाण्यांभोवती बारीक ताठ केस असतात. ते त्वचेला आणि घशाला खाज आणतात. म्हणून रोझहिप तोडून तसेच तोंडात टाकायचे फळ नव्हे; आतले दाणे आणि केस काढून टाकावे लागतात किंवा काढा करून तो दाट कापडातून गाळावा लागतो.

युरोप, पश्चिम आशिया आणि वायव्य आफ्रिकेत जो रानगुलाब कुंपणाकुंपणाला दिसतो, त्याचे शास्त्रीय नाव 'रोझा कॅनिना'. भिवंडीच्या दमट, उष्ण हवेत तो फुलण्याचा प्रश्नच नाही; त्याला हिवाळ्याची कडक थंडी हवी. मात्र भारताला रानगुलाब परका नाही. हिमाचल आणि उत्तराखंडात 'कूजा' नावाची पांढऱ्या सुगंधी फुलांची वेल झाडांवर चढत जाते. आयुर्वेदाच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात पुष्पवर्गात आलेला 'कुब्जक' तो हाच, असे मानले जाते. लडाखच्या थंड वाळवंटात गुलाबी फुलांचा 'रोझा वेबियाना' आहे. मणिपूर-नागालँडच्या डोंगरांत 'रोझा जायगॅन्शिया' नावाचा महाकाय रानगुलाब उंच झाडांचा आधार घेत वाढतो.

जैन वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल तो अबू पर्वतावरचा रानगुलाब. दिलवाड्याच्या विमलवसहीची उभारणी इ. स. १०३१ ची, लूणवसहीची १२३० ची. संगमरवरात कोरलेल्या तिथल्या फुलांकडे पाहताना यात्रेकरूंचे भान हरपते. त्याच पर्वताच्या जंगलात 'रोझा क्लायनोफिला' नावाचा पांढऱ्या फुलांचा रानगुलाब आढळतो. बंगालकडच्या पाणथळ भागातही तो आहे. थंडीत वाढणाऱ्या गुलाबकुळात उष्णता सोसणारा असा हा विरळा सदस्य. म्हणूनच कोडाईकनालचे विरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने उष्ण प्रदेशात टिकणारे नवे गुलाब तयार करण्यासाठी या आणि मणिपूरकडच्या रानगुलाबाचा उपयोग केला. अबूचे हे जंगल अभयारण्य आहे. यात्रेला गेल्यावर हे झुडूप दिसले तर ते डोळ्यांनी पाहावे. फूल किंवा फळ तोडू नये. कायदा हेच सांगतो आणि जयणाही हेच सांगते.

रानगुलाबाच्या फळाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती एका संकटामुळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे ब्रिटनकडे येणारी संत्री-लिंबे जवळजवळ बंद झाली. लहान मुलांना 'क' जीवनसत्त्व कोठून द्यायचे, हा सरकारपुढचा प्रश्न होता. हे जीवनसत्त्व शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ते न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत आणि पुढे स्कर्व्ही हा रोग होतो. तेव्हा संशोधकांचे लक्ष देशातल्याच कुंपणांवर वाळून जाणाऱ्या या लाल फळांकडे गेले. १९४१ मध्ये शाळकरी मुले, स्काउट आणि महिला मंडळे यांनी सुमारे २०० टन फळे गोळा केली. पुढील वर्षांत हा आकडा आणखी वाढला. मुलांना वजनावर थोडे पैसे मिळत. या फळांपासून केलेले सरबत लहान मुलांना चमच्याने दिले जाई. जे झुडूप शेतकऱ्याला अडचणीचे वाटत होते, त्याने एका पिढीच्या मुलांचे आरोग्य सांभाळायला हातभार लावला.

यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. रानगुलाबाच्या १०० ग्रॅम ताज्या फळांत ४०० मिलिग्रॅमच्या आसपास 'क' जीवनसत्त्व असू शकते. संत्र्यात हे प्रमाण सुमारे ५० मिलिग्रॅम आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम पुरते. मात्र हे जीवनसत्त्व उष्णता, हवा आणि साठवण यांनी झपाट्याने घटते. युद्धकाळातील ब्रिटिश गृहिणींना दिलेल्या सूचनांत फळे चिरून ठेवू नका, चिरल्याबरोबर उकळत्या पाण्यात टाका, असे बजावले होते; कारण चिरल्यावर फळातलेच विकर ते जीवनसत्त्व नष्ट करू लागते. मग परदेशात वाळवलेल्या, जहाजाने आलेल्या, गोदामात महिनोन्महिने पडलेल्या आणि शेवटी कपात उकळत्या पाण्याने भिजवलेल्या चहाच्या पुडीत ते किती उरत असेल, याचा अंदाज कोणत्याही व्यापाऱ्याला करता येईल. चव आंबटगोड असते, रंग सुरेख असतो. पण तो चहा जीवनसत्त्वासाठी घेत असाल, तर पैसे चुकीच्या खात्यावर नावे पडतात.

आपल्याकडच्या आवळ्यातही १०० ग्रॅमला काही शे मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. तो कार्तिकात बाजारात येतो, त्याचे नाव-गाव सर्वांना ठाऊक आहे आणि किंमतही परवडणारी आहे. ब्रिटनला युद्धात जे रानगुलाबाने दिले, ते आपल्याला आवळा दरवर्षी देतो. स्वीडनमध्ये रानगुलाबाच्या फळांचे गोड सार करतात, तुर्कस्तानात त्यांचा घट्ट मुरंबा होतो. त्या थंड देशांत ते शहाणपणाचे आहे, कारण तिथे आवळा नाही. प्रत्येक भूमी आपल्या लेकरांची सोय आपल्या परीने करते.

औषध म्हणून रानगुलाबाचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : फळ आणि पाकळी. फळांच्या भुकटीचा अभ्यास प्रामुख्याने सांधेदुखीसाठी झाला आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००८ मध्ये तीन चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. सुमारे ३०० रुग्ण, रोज ५ ग्रॅम भुकटी, तीन-चार महिने. वेदनेत थोडी घट दिसली. 'थोडी' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गुडघ्याची झीज या भुकटीने भरून येत नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी 'क' जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेपासून दूर राहावे आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी अशी भुकटी सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. 'वनस्पतीचे आहे, म्हणजे निर्धोक आहे' हा समज अनेकांना महागात पडतो.

पाकळ्यांचा उपयोग आपल्याकडे फार जुना. आयुर्वेदाने 'शतपत्री' आणि 'तरुणी' या नावांनी गुलाबाला शीतल, पित्तशामक आणि मृदू सारक म्हटले आहे. वैशाखाच्या झळांत चमचाभर गुलकंद दुधाबरोबर घेण्याची पद्धत त्यातूनच आली. मेवाडातून भिवंडीत येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांना हळदीघाटीचा चैती गुलाब आठवत असेल. चैत्रात फुलणाऱ्या त्या सुगंधी गुलाबापासून तिथे गुलाबजल आणि गुलकंद घरोघर होतो. मात्र गुलकंदात पाकळ्यांपेक्षा साखरेचेच वजन अधिक असते. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना 'थंडाई' म्हणून तो आग्रहाने वाढणे हे प्रेमाचे लक्षण असले तरी आरोग्याचे नव्हे. बाजारातले गुलाबजल डोळ्यांत घालण्याची जुनी सवयही सोडावी. ते निर्जंतुक केलेले नसते आणि डोळ्यांचा संसर्ग कधी कधी दृष्टीवर बेततो.

आता बांचा मुख्य प्रश्न. हे आपल्याला चालते का?

श्वेतांबर परंपरेच्या बावीस अभक्ष्यांत 'अज्ञात फळ' आणि 'बहुबीज' ही दोन नावे आहेत. वंकचूलाची कथा पाठशाळेत प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. लूटमार करून जगणाऱ्या या राजपुत्राने आचार्य महाराजांकडून घेतलेल्या नियमांपैकी एक होता, ज्याचे नाव माहीत नाही ते फळ खायचे नाही. जंगलात भुकेने व्याकूळ झालेल्या त्याच्या साथीदारांनी सुंदर फळे तोडून खाल्ली आणि प्राण गमावले. फळाचे नाव विचारून थांबलेला वंकचूल वाचला. या नियमात धर्म आहे आणि सावधपणाही आहे. रोझहिपचे नाव-गाव आज कळू शकते, म्हणून ते कदाचित 'अज्ञात' राहणार नाही. पण एकाच पोकळीत दाटीने भरलेल्या त्याच्या दाण्यांमुळे त्याला 'बहुबीज' मानायचे का, हा प्रश्न उरतोच. दाणे काढून केलेली भुकटी, दाण्यांचे तेल आणि अखंड फळ यांत फरक करायचा का, हेही विचारावे लागेल. अशा ठिकाणी डब्यावरची जाहिरात वाचून निर्णय घेण्यापेक्षा साधू-साध्वी भगवंतांना विचारणे श्रेयस्कर.

दिगंबर परंपरेतही याला समांतर दृष्टी आहे. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त लाभ थोडा आणि जीवघात फार, अशा वस्तू सोडण्यास सांगताना कडुनिंबाची फुले आणि केतकी यांचा उल्लेख येतो. फुलांच्या पाकळ्यांच्या बेचक्यात सूक्ष्म जीव राहतात, हे त्यामागचे कारण. गुलाब त्या यादीत नावाने नसला तरी कारण त्यालाही लागू पडते. भरगच्च गुलाबाच्या पाकळ्यांच्या थरांत बारीक किडे सहज दडतात, हे कुंडीतले फूल पांढऱ्या कापडावर हलकेच झटकून पाहिले तरी दिसते.

बाजारातल्या गुलकंदाबाबत आणखी दोन गोष्टी बरणी उचलण्यापूर्वी वाचाव्यात. पहिली, मध. काही उत्पादक साखरेऐवजी किंवा साखरेबरोबर मध वापरतात आणि तो गुण म्हणून ठळक छापतात. जैन आचारात मध महाविगई आहे. पण सरकारी नियमांची वाट वेगळी आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येतून दूध आणि दुधाच्या पदार्थांबरोबर मध, मधमाशीचे मेण आणि लाखेपासूनचे शेलॅक यांनाही वगळले आहे. म्हणजे मध असलेल्या बरणीवरही हिरवा ठिपका येऊ शकतो आणि त्यात उत्पादकाने कोणताही नियम मोडलेला नसतो. बा म्हणाल्या ते कायद्याच्या भाषेतही खरे आहे.

दुसरी गोष्ट, प्रवाळ. 'प्रवाळयुक्त गुलकंद' पित्तावर दिला जातो. त्यातील प्रवाळपिष्टी म्हणजे समुद्रातील पोवळे गुलाबजलात खलून केलेली भुकटी. 'जीवविचार' प्रकरणात विद्रुमाची म्हणजे पोवळ्याची गणना पृथ्वीकायात केली आहे, तर आजचे जीवशास्त्र पोवळ्याला सूक्ष्म सागरी प्राण्यांनी घडवलेला सांगाडा मानते. काही उत्पादनांत मोत्याची पिष्टीही असते, आणि मोती शिंपल्यातल्या जिवाच्या देहातून काढावा लागतो. औषध म्हणून वैद्यांनी सुचवले असले तरी घटक विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे. साधा गुलकंद मागितला तर साधा मिळतो. फक्त मागावा लागतो.

सौंदर्यप्रसाधनांत रानगुलाबाचे नाव सर्वांत महाग विकले जाते आणि गोंधळही तिथेच सर्वाधिक आहे. रोझहिप तेल आणि गुलाबाचे तेल या दोन पूर्णपणे भिन्न वस्तू आहेत. रोझहिप तेल फळातल्या दाण्यांपासून, बहुधा थंड घाण्याच्या पद्धतीने काढतात. त्याचा मोठा पुरवठा दक्षिण अमेरिकेतील चिलीतून होतो. युरोपीय वसाहतकारांबरोबर गेलेला रानगुलाब तिथल्या माळरानांवर इतका माजला की आज तो तिथे 'रोसा मोस्केता' या नावाने ओळखला जातो. हे तेल पिवळसर ते नारिंगी असते. त्यात लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही मेदाम्ले भरपूर असल्याने कोरड्या त्वचेला ते मऊ ठेवते. त्याच कारणाने ते लवकर खवटते. म्हणून गडद काचेची बाटली, थंड जागा आणि उघडल्यावर काही महिन्यांत वापर, ही पथ्ये आवश्यक आहेत. नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस पाहावे. आणि महत्त्वाची खूण अशी की खऱ्या रोझहिप तेलाला गुलाबाचा वास नसतो. त्याला गुलाबाचा घमघमाट येत असेल, तर सुगंध बाहेरून मिसळलेला आहे.

गुलाबाचे तेल मात्र पाकळ्यांच्या ऊर्ध्वपातनातून मिळते. एक किलो तेलासाठी ढोबळमानाने चार हजार किलो पाकळ्या लागतात. दुकानदाराने हा हिशेब वहीच्या कोपऱ्यात मांडून पाहावा. दहा मिलिलिटरच्या कुपीत सुमारे साडेआठ ग्रॅम तेल मावते. म्हणजे त्या एका कुपीमागे तीस-पस्तीस किलो पाकळ्या आल्या. पाकळ्यांचा भाव, तोडणीची मजुरी, इंधन, कुपी, वाहतूक आणि नफा धरल्यावर काही शे रुपयांत मिळणारे 'शुद्ध गुलाब तेल' काय असू शकते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. कन्नौजमध्ये आजही तांब्याच्या देगेतून वाफ भपक्यात उतरवून गुलाबजल आणि अत्तर काढले जाते. स्वस्त गुलाबजलात मात्र पुष्कळदा पाणी आणि प्रयोगशाळेत बनवलेला सुगंध एवढेच असते. घटकांच्या यादीत 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' हा शब्द दिसला की तो सुगंध पाकळीचा नाही, इतके समजावे.

प्रसाधनांच्या लेबलवर जैन घराने ओळखायला शिकावीत अशी चार नावे आहेत. 'सेरा अल्बा' म्हणजे मधमाशीचे मेण. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थंड मलमात गुलाबजल, तेल आणि हेच मेण होते, आणि आजही अनेक गुलाबी क्रीममध्ये ते असते. 'मेल' म्हणजे मध. 'लॅनोलिन' म्हणजे मेंढीच्या लोकरीवरील स्निग्ध द्रव्य. आणि 'कार्माइन', ज्याचा क्रमांक सी.आय. ७५४७० असा छापतात, तो निवडुंगावर जगणारे लाखो किडे वाळवून, चिरडून मिळवलेला लाल रंग. ओठांना गुलाबाची लाली देणाऱ्या नळीत कधी कधी हा रंग असतो. ज्या घरात संवत्सरीला चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागितली जाते, त्या घरातल्या मुलींना हा क्रमांक वाचता यायला हवा. त्यांना ओरडून काही साधत नाही. त्यांच्या शेजारी बसून एकदा लेबल वाचले, तर त्या पुढे आपल्या मैत्रिणींनाही सांगतात.

इथे विषय दुकानाच्या गादीपर्यंत पोहोचतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीला प्रोत्साहन, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन, खोटी मापे आणि पाचवा, प्रतिरूपक व्यवहार. खऱ्यासारखी दिसणारी नकली वस्तू खरी म्हणून देणे हा पाचव्याचा अर्थ. सुगंधित पाणी 'शुद्ध गुलाबजल' म्हणून विकणे याच रकान्यात येते, मग ते वरून तसेच छापून आलेले का असेना. 'आम्ही फक्त पेटी फोडून विकतो' हे उत्तर बिलापुरते चालेल, प्रतिक्रमणात चालणार नाही. सुगंधित पाणी विकण्यात दोष नाही. ते सुगंधित पाणी म्हणून विकावे. घाऊक व्यापाऱ्याने पुरवठादाराकडून घटकांची पूर्ण यादी आणि तपासणीचा दाखला मागावा, किरकोळ दुकानदाराने मध असलेला आणि नसलेला गुलकंद वेगळ्या फळीवर ठेवावा. एवढ्यानेही ग्राहकाचा विश्वास वाढतो, आणि पेढीची पत ज्या ठेवीवर उभी असते ती ठेव विश्वासाचीच असते.

ज्या घरात परंपरेने गुलकंद चालतो, तिथे तो घरीच करणे सर्वांत निश्चिंत. त्यासाठी फुलबाजारातले लांब दांड्याचे गुलाब घेऊ नयेत. तळेगाव-मावळच्या हरितगृहांत होणारे ते गुलाब शोभेसाठी वाढवलेले असतात, त्यांच्यावर कीटकनाशकांचे फवारे होतात आणि त्यांना सुगंधही बेताचाच असतो. गच्चीत कुंडीत लावलेला सुवासिक गावठी गुलाब उत्तम. त्याला औषध फवारू नये. देरासरात चढवलेली फुले तर मुळीच वापरू नयेत. ते निर्माल्य आहे आणि त्याचा खाण्यासाठी उपयोग हा मोठा दोष आहे.

पर्वतिथी सोडून, उजेडात, पूर्ण उमललेले फूल घ्यावे. पाकळ्या एकेक सुट्या करून पांढऱ्या कापडावर पसराव्यात आणि दोन्ही बाजूंनी पाहाव्यात. जीव दिसल्यास त्याला मऊ पूंजणीने अलगद झाडावर परत सोडावे. स्वच्छ, कोरड्या पाकळ्यांच्या वजनाच्या दुप्पट खडीसाखर दळून घ्यावी. काचेच्या कोरड्या बरणीत साखर आणि पाकळ्या यांचे थर द्यावेत, शेवटचा थर साखरेचा असावा. तोंड घट्ट बंद करून तीन-चार आठवडे रोज ऊन दाखवावे आणि कोरड्या चमच्याने अधूनमधून हलवावे. साखरेचे प्रमाण कमी करू नये. पाकळ्यांतले पाणी ओढून घेऊन बुरशी आणि जिवाणूंना वाढू न देण्याचे काम तीच करते. चैत्र-वैशाखाच्या उन्हातच हे काम उरकावे. ज्येष्ठात भिवंडीची हवा दमट होते, बरणीत ओल शिरते आणि चलित रसाचा दोष संभवतो. चव, वास किंवा रंग बदललेला दिसताच मोह न धरता तो गुलकंद सोडून द्यावा. तो किती दिवस कल्पतो, हे आपापल्या संप्रदायाच्या मर्यादेप्रमाणे गुरूंकडून जाणून घ्यावे.

पाच पाकळ्यांच्या एका साध्या झुडपाने युद्धकाळात एका देशाच्या मुलांना जीवनसत्त्व दिले, दूरच्या चिलीत कुटुंबांना रोजगार दिला आणि अबूच्या जंगलात तो कोणाच्याही नजरेत न भरता अजून फुलतो आहे. त्याच्या नावाने आपल्या दारात येणाऱ्या प्रत्येक खोक्यात मात्र तो असेलच असे नाही.

त्या घरातला डबा शेवटी उघडला गेला नाही, फेकलाही गेला नाही. सुनेने घटकांची यादी कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून काढली. बांनी तो कागद घडी करून उपाश्रयात न्यायच्या पिशवीत, मुहपत्ती आणि माळेशेजारी ठेवला. उत्तर येईपर्यंत घरात आवळ्याचे सरबत झाले.